पहिलीच जुनी गाडी घेतोयस ना?

मित्रा, २००५ ते २०१० मधली १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची मारुती स्विफ्ट शोध. चालवायला फार मजा येते, पार्टही सहज मिळतात. या गाड्यांची १५ वर्षं झालीत, त्यामुळे आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) ५ वर्षांचं नूतनीकरण झालंय ना ते आधी बघ. गाडीवर कर्जाचा बोजा आणि दंडाची थकलेली चलनं आहेत का तेही.

सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. मॅट उचलून खालचा पत्रा दाबून बघ! आपल्या ठाण्या-वाशीची खाडीची हवा आणि पाऊस पत्रा खातात. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेल्या पत्र्याच्या नादी लागू नकोस. नवी मुंबईतल्या पारसिक हिलचा चढ चढव, क्लच झिजलाय का ते कळेल.

नवशिके दोन चुका करतात:
- चकचकीत रंगाला भुलतात.
- सगळं बजेट खरेदीतच संपवतात. टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) यांचे पैसे बाजूला ठेव.

मेकॅनिक सोबत ने. बाकीचं गाडी दारात आल्यावर बोलू.