आजोबांच्या मेकॅनोतले गाडीचे आणि आगगाडीचे भाग कोणत्या काळातले, हे कसं ओळखायचं?

वाड्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मेकॅनो, म्हणजे भोकांच्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडायचं खेळणं, सापडलं, पण एकाच मापाच्या पट्ट्या तीन रंगांत आणि चाकंही दोन तऱ्हांची, असं तुम्ही लिहिलंय. आधी हात जोडून सांगतो, काहीही घासू नका, रंगवू नका. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी वर्षानुवर्षं हेच भाग जमवतोय. पॉलिश मारलेल्या भागावरची अर्धी माहिती पुसलेली असते.

रंग वेगवेगळे असण्यात वावगं काही नाही. ३ नंबरच्या संचाला ३अ हा पूरक संच जोडला की ४ नंबरचा संच व्हायचा, त्यामुळे एका घरात अनेक वर्षांचे भाग एकत्र येत. १९२६ पर्यंत पट्ट्यांना निकेलचा मुलामा असे, मग लाल-हिरवा रंग आला, १९३४ मध्ये निळा-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा, १९६४ पासून पिवळा, काळा आणि चंदेरी. भोकाच्या कडेला टवका उडालेला असेल तिथे भिंगातून बघा. खाली दुसरा रंग दिसला, तर पट्टी नंतर कुणीतरी रंगवलेली आहे.

भाग मेकॅनोचाच आहे ना, हे मात्र मोजूनच ठरवा. दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चार सूत. अकरा भोकांच्या पट्टीत पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत १२७ मिलिमीटर भरायला हवेत. १०० भरले, तर ती दुसऱ्या कुणाची दहा मिलिमीटरच्या मापाची पट्टी.

माझा खरा भरवसा चाकांवर. चाकाच्या मध्यावरच्या पितळी बुशात (आस ज्यातून जातो त्या छोट्या नळीत) आसाला आवळणाऱ्या स्क्रूसाठी आटे पाडलेलं भोक असतं. जुन्या चाकांत ते एकच असतं, नंतरच्या चाकांत समोरासमोर दोन. रंग उडालेला असला तरी ही खूण टिकते. रुळावर चालणाऱ्या, कड असलेल्या चाकांनाही हेच लागू.

स्क्रू हरवला असेल तर बोहरी आळीत ५/३२ इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या आट्याचाच मागा. मी एकदा घाईत चार मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू घेऊन आलो. दोन फेरे गेला, मग अडकला, आणि मी जोर लावल्यावर बुशाचे आटे गेले. ५/३२ म्हणजे ३.९७ मिलिमीटर, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. पण व्हिटवर्थमध्ये इंचाला ३२ आटे, मेट्रिकमध्ये साधारण ३६. ते चाक अजून माझ्या खणात आहे, आणि अजून वाईट वाटतं.

आगगाडीच्या डब्यांचं सोपं आहे. मेकॅनो बनवणाऱ्या कंपनीच्याच १९२० च्या पहिल्या हॉर्नबी गाड्या मेकॅनोच्याच नटबोल्टांनी जोडलेल्या असत. पुढे पत्र्याच्या जिभा खाचेत घालून मुडपू लागले. म्हणून डबा उलटा करून तळ बघा.

बुशाचा जवळून, उन्हात काढलेला फोटो टाका. स्क्रूची भोकं दिसू द्या, म्हणजे पुढचं सांगता येईल.