माळेगावच्या यात्रेत घरचं माळवं पहिल्यांदाच स्पर्धेला ठेवायचंय, तयारी कशी करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरामागच्या परसात वांगी, टमाटे, भेंडी, मेथी, मुळे निघतात, शेजारणी भरीला घालतात म्हणून यंदा नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या भाजीपाला स्पर्धेत माल ठेवायचा विचार आहे, पण एवढ्या बागायतदारांपुढे आपला निभाव लागेल का. लागतो की. परीक्षक तुमचं रान बघायला येत नाही, तो टेबलावरचे चार-पाच नग बघतो. तेवढे नग परसातूनही निघतात.

आधी पंचांग बघा. माळेगावची यात्रा तिथीनं भरते, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. २०२५ ला ती १८ डिसेंबरला लागली, पण २०२३ ला अधिक श्रावण आला तेव्हा थेट १० जानेवारी २०२४ उजाडला होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे यात्रा परत जानेवारीत जाणार. तारखेवर भरवसा ठेवून पेरणाऱ्याचा माल आधीच निबर होऊन बसतो. माझा हिशेब सोपा आहे: वांग्या-टमाट्याची रोपं पितृपंधरवड्यात वाफ्यात लावायची, बी त्याच्या महिनाभर आधी टाकायचं. भाद्रपद वद्य ते मार्गशीर्ष वद्य बरोबर तीन महिने. मधे आश्विन-कार्तिकात अधिक महिना पडला तरच हिशेब बदलतो. म्हणजे पहिला तोडा भाजीत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याचा घाटदार माल स्पर्धेला येतो. मेथी महिनाभरात निघते, तिचे दोन वाफे आठ-आठ दिवसांच्या फरकानं टाका.

भेंडीचं मात्र जपून. तिला थंडी मानवत नाही. यात्रा डिसेंबरात असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ लावून बघा, पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्याला ती बऱ्यापैकी तग धरते. यात्रा जानेवारीत असली तर भेंडीचा नाद सोडा, असं माझं स्पष्ट मत.

आता निवड. नवखा माणूस सगळ्यात मोठं वांगं हौसेनं घेऊन येतो आणि त्याच्या शेजारी चार बारकी मांडतो. तिथंच तो मागं पडतो. नग पाच मागितले असतील तर पाचही एका आकाराचे, एका रंगाचे, एका वयाचे दिसले पाहिजेत. त्यासाठी झाडं जास्त लागतात, कारण पंधरा-वीस वांगी तोडाल तेव्हा पाच जुळतात. तोडलेली सगळी वांगी पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडा आणि उभं राहून बघा. वेगळं दिसणारं आपोआप डोळ्यांत खुपतं, ते उचला. परत बघा, परत एक उचला. उरलेल्यांचे देठ तपासा. पोखरणारी अळी बऱ्याचदा देठाच्या टोपीखालून आत शिरते, त्यामुळे टोपीची पाकळी नखानं हलकेच उचलून बघा. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी ते वांगं घरच्या भरताला. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर ते जून झालं. लगेच वर आलं पाहिजे. हे करताना वांगं देठालाच धरा, अंगाला सारखा हात लागला की चकाकी जाते. देठ कात्रीनं कापा, सगळे सारख्या लांबीचे. काटे राहू द्या, गावरान काटेरी वांग्याची तीच शान आहे.

टमाटे हिरव्या टोपीसकट ठेवायचे. थंडीत रंग सावकाश चढतो, म्हणून चार दिवस आधी पिकट तोडून घरात पसरा. फ्रिजमध्ये घालू नका, चव आणि तजेला दोन्ही जातात. मुळ्याच्या वाफ्याला आदल्या संध्याकाळी पाणी द्या, म्हणजे शेपटी न तुटता निघतो. मग पाण्यात तळहातानंच धुवायचा. भांड्याची घासणी लावली की साल ओरबाडलेली दिसते. कोबीवर पांढुरकी पावडर दिसते ती धूळ नव्हे, पुसू नका. ताजेपणा तिच्यावरूनच कळतो. मेथी मुळासकट उपटून फक्त मुळं धुवा आणि पोचेपर्यंत मुळं ओल्या फडक्यात ठेवा.

टमाटे सोडून बाकी माल स्पर्धेच्या दिवशी पहाटे काढा. डालग्यात खाली कडबा नाहीतर वर्तमानपत्र, मधे थर. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजीला घाम फुटतो. दोन-तीन नग जास्तीचे न्या, कारण यात्रेच्या दिवसांत लोह्याच्या पुढं गाडी रांगतच चालते आणि एखादं तरी खरचटतंच.

नग किती, वजन किती, नोंदणी किती वाजेपर्यंत, हे पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी जाऊन विचारा. स्पर्धा जिल्हा परिषदेची असते. सहा मागितले आणि सात ठेवले तर माल कितीही देखणा असो, बाद होऊ शकतो. चिठ्ठीवर नुसतं ‘वांगी’ लिहू नका, वाणाचं नाव लिहा. बी सासूबाईंच्या गाडग्यातलं असेल तर ‘गावरान’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

मांडून झालं की बाजूला व्हा. निकालानंतर मात्र परीक्षकांना गाठून तुमच्या ताटात काय कमी पडलं ते विचाराच, बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात. आणि ठेवलेली भाजी परत मिळेल ही आशा धरू नका. बघणारे हाताळून-हाताळून तिची पार रया घालवतात, त्या दिवसाच्या स्वयंपाकाचं घरीच बघून निघा.