डेटा स्कीमाचा (नोंदीत कोणती माहिती कुठल्या रूपात भरायची, याच्या आराखड्याचा) मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी केव्हा खुला करावा?

०.१ आवृत्तीलाच खुला करा. मुख्य फील्ड (माहितीचे रकाने) ठरली आणि चार-पाच नमुना नोंदी तयार झाल्या की पुरे. कारण एकदा लोकांनी त्यात डेटा भरायला घेतला, की फील्डचं नाव बदलणं, ऐच्छिक फील्ड बंधनकारक करणं किंवा एका मूल्याच्या जागी यादी आणणं, यातलं काहीही केलं तरी जुन्या फाइली तपासणीत नापास होऊ शकतात. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्ती-क्रमांक देण्याच्या प्रचलित पद्धतीनुसार ० ने सुरू होणारी आवृत्ती केव्हाही बदलू शकते. ती मुभा तेव्हाच वापरून घ्या.

“मसुदा कसा वाटला?” असं मात्र विचारू नका, “छान” एवढंच उत्तर येतं. “तुमच्याकडच्या दहा किचकट नोंदी यात बसवा आणि न बसलेल्या पाठवा” असं सांगा. खरे दोष तिथेच सापडतात: उदाहरणार्थ, जेसन स्कीमा (जेसन या स्वरूपातला डेटा तपासण्याचे नियम लिहायची पद्धत) यातल्या ‘डेट’ फॉरमॅटला वर्ष-महिना-दिवस तिन्ही लागतात, त्यामुळे नुसतं ‘१९८७’ माहीत असलेली नोंद अडते. मग कोणीतरी १ जानेवारी ठोकून देतो, आणि ती खोटी तारीख पुढे ओळखूही येत नाही.

एक पथ्य: नवीन फील्डची प्रत्येक मागणी लगेच मान्य करू नका. ऐच्छिक फील्ड नंतरही सहज घालता येतं, काढणं मात्र अवघड.