यंत्राने सिद्धता दिली तर आधी ती तपास

शुद्ध गणितात संशोधन करायचं ठरवलंयस, मनापासून आनंद झाला. ‘एआय सगळं सोडवणार, मग आपण कशाला?’ ही धास्ती मात्र सोडून दे.

2021 चं गाठींच्या सिद्धांतातलं (दोरीच्या गाठींसारख्या बंद वळशांचं गणित) काम वाच. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने ते ऑक्सफर्डच्या मार्क लॅकनबी वगैरे गणितज्ञांसोबत केलं. गाठीच्या भूमितीवरून तिची ‘सिग्नेचर’ (गाठीला जोडलेली एक पूर्णांक संख्या) ओळखायला न्यूरल नेटवर्कला शिकवलं, आणि कोणत्या भौमितिक राशींवर लक्ष द्यायचं ते त्यातून कळलं. त्यावरून असमानतेच्या रूपात मांडलेलं पहिलं अनुमान ढीगभर उदाहरणांत बसत होतं, तरी खोटं निघालं! प्रतिउदाहरणं सापडल्यावर असमानतेत आणखी एक राशी आणावी लागली, तेव्हा कुठे प्रमेय उभं राहिलं. ती सिद्धता माणसांची. माझ्या मते तुझी खरी जागा तिथेच आहे.

चॅटबॉटला खुशाल विचार, पण उत्तर ओळ न् ओळ तपास. ‘हे उघड आहे’ असं आलं की थांब. एकेक गृहीतक कुठे वापरलंय ते शोध. कॉम्पॅक्टनेससारखं दिलेलं गृहीतक न वापरताच निष्कर्ष निघत असेल, तर बहुधा कुठेतरी पाणी मुरतंय.

लीन ही सिद्धता तपासणारी संगणकीय भाषा आत्ताच शिकायला घे. गणितज्ञ पीटर शोल्झे यांनी 2020 मध्ये स्वतःचंच प्रमेय त्यात पडताळण्याचं आव्हान दिलं होतं. 2022 मध्ये ते पूर्ण झालं. सुरुवात लीन शिकवणाऱ्या ‘नॅचरल नंबर गेम’ या ऑनलाइन खेळापासून कर. बेरजेचा क्रमनिरपेक्षतेचा नियमसुद्धा तिथे विगमनाने सिद्ध करावा लागतो. त्या पायऱ्या चॅटबॉटकडून लिहून घेऊ नकोस.