बालसंग्रहालयात मुलांना प्रथमच नेणाऱ्या ठाणेकर पालकांसाठी

एका फेरीत सगळे दाखवून घेण्याचा आग्रह कृपया सोडावा. ब्रुकलिनमध्ये १८९९ साली जगातील पहिले बालसंग्रहालय सुरू झाले तेव्हापासून वस्तू हाताळण्याची मुभा हाच अशा जागांचा गाभा राहिला आहे, आणि हाताळायचे म्हटले की वेळ लागणारच. कप्पीवरचा दोर ओढताना एका कप्पीऐवजी दोन कप्प्या असल्या की जोर कमी पण दोर जास्त ओढावा लागतो, हे मूल पाचव्या-सहाव्या खेपेला आपले आपण ताडते, तोवर पालकांनी फलक वाचून दाखवू नये, विचारायचेच तर “आता काय होईल, असे तुला वाटते?” एवढेच विचारावे. आजी-आजोबांना अवश्य सोबत न्यावे, कारण जाते किंवा रहाट दिसताच त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे. ठाण्याहून थेट लोकलने सीएसएमटीला उतरावे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र थोड्या मोठ्या मुलांना अधिक मानवते. जाण्यापूर्वी वेळा मात्र तपासून घ्याव्यात, आणि मूल कंटाळले की लगेच निघावे.