आवाज चढत नाही, की पट्टी चुकते?

प्रश्न : मी 58 वर्षांचा असून नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. आम्ही सात-आठ मित्र दर शनिवारी जमून कराओकेवर जुनी गाणी म्हणतो. गाताना मला माझा आवाज भरदार वाटतो. पण मुलाने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा तो बारीक, कोरडा आणि परका वाटला. शिवाय अंतऱ्यात आवाज फाटतो. मित्र म्हणतात, ‘तुमचा गळाच तसा आहे.’ या वयात काही सुधारणा होऊ शकते का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ध्वनिमुद्रणातला आवाज परका वाटणे हा गळ्याचा दोष नव्हे. गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांच्या वाटेने आवाजाचा खालचा, घुमारदार भाग अधिक पोचतो, म्हणून स्वतःला तो भरदार वाटतो. मोबाइलला आणि समोर बसलेल्या मंडळींना मात्र केवळ हवेतला आवाज मिळतो. आठवडाभर रोज ऐकल्यावर हा परकेपणा ओसरेल आणि मग खरे दोष कोणते ते कळू लागेल.

अंतऱ्यात आवाज फाटतो, त्याबद्दल माझा पहिला संशय गळ्यावर नसून पट्टीवर, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर धरला आहे त्यावर आहे. कराओकेचा ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि ती पट्टी त्या गायकाच्या गळ्याला सोयीची म्हणून ठरलेली असते. ती तुम्हालाही सोयीची असावी असे काही कारण नाही. पुष्कळ पुरुषांना काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या स्वराच्या) आसपासचा षड्ज, म्हणजे ‘सा’, मानवतो, पुष्कळ स्त्रियांना काळी चार किंवा काळी पाच. पण हा केवळ अंदाज आहे. स्वतःची पट्टी शोधायची तर पेटीवर एखादा षड्ज धरावा, त्याखाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, सावकाश उतरावे आणि मग वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) चढावे. खाली आवाज विरून जात असेल तर षड्ज उंच घ्यावा. वर हनुवटी उचलली जात असेल, मानेच्या शिरा ताणल्या जात असतील तर तो खाली आणावा. दोन्ही टोकांना चेहरा शांत राहील तो षड्ज तुमचा. बहुतेक कराओके ॲपमध्ये ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घेता येतो. दोन पायऱ्या उतरल्या, तरी मध्यमवयीन गळ्याला अंतऱ्यात केवढा आराम पडतो हे मी माझ्या वर्गात अनेकदा पाहिले आहे. मूळ पट्टी सोडण्यात कमीपणा वाटणारे मित्र प्रत्येक मंडळात असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

काळी एकच्या मध्य षड्जावर पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात, तार षड्जावर त्याच्या दुप्पट. हे काम तंतू ताणले जाऊन आणि पातळ होऊन साधते. आपण मात्र वरचा स्वर दिसला की पोटातून जोर लावतो. त्याने स्वर न चढता आवाज केवळ मोठा होतो आणि शेवटी फाटतो. वरच्या जागा आधी अर्ध्या आवाजात, ओठ मिटून गुणगुणत घ्याव्यात, आणि त्या सहज लागू लागल्या की मग आकारात म्हणाव्यात. श्वासही खांदे उचलून काठोकाठ भरून घेऊ नये. ओळीला पुरेल एवढाच घ्यावा.

आता ज्याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो ते सांगतो. ‘गळ्यात सूर नाही’ असे ज्यांना सांगितले जाते त्यांच्यापैकी बहुतेकांचा गळा ठीक असतो, कान मात्र घाईत असतो. ते स्वर ऐकून संपण्याआधीच गाऊ लागतात आणि कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, होतात. तुम्ही सांगलीत राहता. तंबोऱ्यांसाठी देशभर नाव असलेले मिरज तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. एकदा तिथल्या कारागिराकडे जाऊन जवारी (तारांचा झंकार) नीट लावलेला, सुरात मिळवलेला तंबोरा डोळे मिटून ऐका. थोड्या वेळाने त्या घुमाऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येईल. हाच स्वयंभू गंधार. पेटीचा गंधार याहून किंचित चढा असतो. काळी एकमध्ये हा फरक सेकंदाला जेमतेम एक-दीड कंपनाचा भरतो, पण तयार कानाला तो खुपतो. याच फरकापायी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, हिशेबाने वेगळी पेटी करवून घेतली होती, आणि देवलांना त्या अभ्यासात मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गळ्याची साथ लाभली होती. तुम्ही एवढ्या खोलात जावे असा माझा आग्रह नाही. रोज सकाळी वीस मिनिटे तंबोऱ्याच्या ॲपसमोर बसावे. त्यातली पहिली दोन-तीन मिनिटे काहीही न गाता केवळ ऐकावे, मग खर्जापासून (खालच्या ‘सा’पासून) एकेक स्वर पूर्ण श्वासभर धरावा आणि तो तंबोऱ्यात मिसळून दिसेनासा होतो का ते पाहावे. पंधरा दिवसांनी एक ध्वनिमुद्रण करावे आणि ते पहिल्याशेजारी ठेवून ऐकावे. वयामुळे आवाजाला थोडी थरथर येते, दमसासही कमी होतो. कानाला मात्र साठीतही वळण लावता येते.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. शाळेच्या अभंगस्पर्धेत तो नेहमी पुढे असे. गेल्या दोन महिन्यांपासून त्याचा आवाज मध्येच घोगरा होतो, मध्येच किंचाळल्यासारखा निघतो. गाणे बंद करावे का?
— एक माता, सातारा

उत्तर : त्याला कंठ फुटतो आहे. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, तंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. गाणे बंद करू नका, मात्र जुन्या पट्टीचा हट्ट सोडा. आवाज स्थिरावेपर्यंत, म्हणजे काही महिने ते वर्षभर, त्याला मधल्या चार-पाच स्वरांतच हलके गाऊ द्या आणि षड्ज दर महिन्याला नव्याने तपासा. यंदा स्पर्धेत उतरवू नये असे माझे मत आहे. घरात कोणी त्याच्या आवाजाची नक्कल करून हसत असेल, तर ते आधी थांबवा. अनेक चांगले गळे त्या लाजेने कायमचे मिटले आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि भजनीमंडळात गाते. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. ज्येष्ठमध, लवंग, मध सर्व करून पाहिले.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गिळलेला कोणताही पदार्थ अन्ननलिकेत जातो, तो स्वरतंतूंना लागत नाही, ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, एवढाच त्याचा उपयोग. दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे अधिक हिताचे. वर्गात गोंगाटावर आवाज चढवण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरावी, वारंवार खाकरणे टाळावे, आणि बसलेल्या घशाला विश्रांती म्हणून कुजबुजत बोलू नये, कारण त्यानेही ताण पडतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे, आणि त्यांनी संमती देईपर्यंत भजनात केवळ टाळ धरावेत.