काळा धूर आणि फायरमनची अब्रू

प्रश्न : मी आणि माझा मुलगा, दोघंही वाफेच्या इंजिनांचे वेडे. रेवाडीच्या शेडमधल्या ‘अकबर’चा व्हिडिओ पाहिला. काळाकुट्ट लोट सोडत इंजिन निघतं. मुलगा म्हणतो, धूर जितका काळा तितकी ताकद जास्त. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीवांना सांगा, असा धूर दौंडला निघाला असता तर ड्रायव्हरसाहेबांनी फायरमनची सालटी काढली असती. तो फायरमन मीच, म्हणून खात्रीनं सांगतो. काळा धूर म्हणजे न जळताच धुराड्यातून निसटलेला कोळसा! भट्टीत एकदम ढीग लोटला, हवा पुरली नाही, की झाला अंधार. थोडा टाकायचा, वरचेवर टाकायचा, पसरून टाकायचा, आणि टाकून झाल्यावर दार क्षणभर किलकिलं ठेवायचं, म्हणजे वरून हवा मिळून कोळशातले वायूही पेटतात. धुराड्यावर नुसती राखाडी झाक राहिली की साहेब काही बोलायचे नाहीत. तेवढीच शाबासकी.

व्हिडिओतल्या फेऱ्या बरेचदा फोटोवाल्यांसाठीच असतात. गाडी मागे घेऊन पुन्हा समोरून नेतात आणि फायरमन मुद्दाम कोळसा जास्त मारतो. दिसतं झकास, नाही म्हणत नाही.

ताकद ऐकायची असते. सिलिंडरमधलं काम संपवून वाफ धुराड्यातून जोरात सुटते आणि जाताना भट्टीतून हवा ओढते. म्हणजे इंजिन जितकं जोर लावेल तितकी आग आपोआप फुलते. काय डोकं चालवलंय बघा! आमच्या डब्ल्यूजीला, म्हणजे मालगाडीच्या इंजिनाला, दोन सिलिंडर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चढावर ते मोजता यायचे. चित्तरंजनच्या कारखान्यात 1950 पासून ही इंजिनं बनली. 1970 मधल्या शेवटच्याचं नाव ‘अंतिम सितारा’. नाव ऐकून तेव्हा आम्ही हसलो होतो.

पांढरे ढग हवे असतील तर ती वाफ, आणि ती थंडीतच दिसते. मे महिन्यात तेच इंजिन उघडंबोडकं वाटतं. मुलाला डिसेंबरात दार्जिलिंगला न्या. तिथल्या छोट्या गाडीच्या इंजिनावर पुढच्या बफरपाशी बसून, चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू टाकणारी माणसं त्याला दाखवा. खिडकीत बसणार असाल तर पांढरा शर्ट मात्र घालू नका.